रेल्वे लाइन्समधली पॅथॉलॉजी लॅब: रिपोर्टला १२ दिवस लागले, तरी पाच स्टार

अण्णांनी सोलापूरच्या पूर्व भागात तीस वर्षं यंत्रमागावर चादरी काढल्या. सुताच्या धुळीनं खोकला कायमचाच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. गड्ड्याच्या यात्रेत एक्स-रे काढला तर डाव्या फुफ्फुसात लिंबाएवढी सावली. एका दवाखान्यात थुंकी न तपासताच टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. दीड महिना गोळ्या खाऊनही सावली तेवढीच. याचा राग मला अजून आहे.

पुढे सुईनं तुकडा काढला, त्यातून काही ठरेना. शेवटी ऑपरेशन झालं आणि गाठीची फॉर्मॅलिनची बरणी माझ्याच हातात आली. रिक्षात मांडीवर घट्ट धरून मी ती लॅबमध्ये नेली. खड्डा आला की आतली गाठ हलायची.

रिपोर्ट सात दिवसांत म्हणाले होते. सातव्या दिवशी डॉक्टर मॅडम स्वतः बाहेर आल्या. "ताई, हा लिम्फोमासारखा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरसारखा दिसतोय, पण मला तो वाटत नाही. आयएचसी करू, म्हणजे पेशींवर खास रंग लावून त्या कुठल्या आहेत ते बघू. घाईत लिहिलं तर अण्णांना नको ती केमो लागेल." जादा खर्च आधीच कागदावर लिहून दिला. ते पाच दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही.

निदान आलं, कॅसलमन डिसीज, म्हणजे लसिका ग्रंथी वाढण्याचा एक दुर्मिळ आजार, त्यातला हायलाइन व्हॅस्क्युलर प्रकार. कॅन्सर नाही. मॅडमनी मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला. जांभळ्या पेशींची गोल गोल वलयं, अगदी आडव्या चिरलेल्या कांद्यासारखी, आणि त्यांत शिरलेली एक रक्तवाहिनी. बॉस्टनच्या डॉ. बेंजामिन कॅसलमन यांनी १९५६ मध्ये अशा १३ रुग्णांची माहिती छापली होती, त्या सगळ्या गाठी छातीच्या मधोमध होत्या. फुफ्फुसाच्या आत ती क्वचितच सापडते. एकाच जागी असली आणि पूर्ण निघाली तर सहसा परत येत नाही, हे मॅडमनी अण्णांना कन्नडमिश्रित मराठीत दोनदा सांगितलं. एचआयव्ही आणि एचएचव्ही-८ हे या आजाराशी जोडलेले विषाणू तपासायला मात्र लावलं. दोन्ही निगेटिव्ह.

लॅब दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. टाके ओले असताना अण्णांना जिने चढवणं जिवावर आलं. दुपारी फोनही उचलत नाहीत.

दुसऱ्या मतासाठी ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड मागितल्या तर एका सहीवर लगेच मिळाल्या. मुंबईतही निदान तेच निघालं. जाताना मूळ पावती न्या, ती नसेल तर ब्लॉक देत नाहीत.