बोधगयेची मृण्मुद्रा आणि बँकॉकचा ताईत

दोन्ही साच्यातून काढलेले, दोन्ही तळहातावर मावणारे. पण कला म्हणून पाहायचं तर माझा कौल बोधगयेला. पाल राजवटीच्या काळातली (8वं ते 12वं शतक) एखादी मृण्मुद्रा, म्हणजे मातीवर उठवलेला ठसा, भिंगाखाली धरा. मधोमध भूमिस्पर्श मुद्रेतला (उजव्या हाताने जमिनीला स्पर्श करणारा) बुद्ध, माथ्यावर महाबोधी मंदिरासारखं शिखर, त्यावर बोधिवृक्षाच्या फांद्या, आजूबाजूला इवलेइवले स्तूप आणि तळाशी ‘ये धर्मा हेतुप्रभवा’ ही बौद्ध गाथा. अक्षरं अगदी मोहरीएवढी! इतकी कारागिरी करायची आणि पुण्यासाठी ती स्तूपाच्या पोटात ठेवून द्यायची, म्हणजे पाहणारं कुणीच नाही.

19व्या शतकातला बँकॉकचा ताईत ‘फ्रा सोमदेत’ नेमका उलटा. बँकॉकच्या वाट रखांग विहाराचे भिक्खू ‘सोमदेत तो’ (1788–1872) यांच्या नावाशी जोडलेला हा पांढरट आयताकृती ताईत चुन्याच्या मिश्रणाचा. कमानीखाली, पायऱ्यांच्या आसनावर बुद्ध. नाक-डोळे नाहीत, नुसती आकृती. हा रक्षणासाठी गळ्यात घालायचा. साहजिकच बाजार मोठा आणि नकलाही उदंड. रेषांची काटकसर पाहायची असेल तर मात्र हाच हातात घ्या. बोधगयेच्या मुद्रेवरच्या गर्दीत ती मिळणार नाही.