एटीम की पर्सिव्हल-एचआर? जिवंत पेशीतली ऊर्जा मोजताना

पेशीची ऊर्जा एटीपी या रेणूच्या रूपात खेळते. तो मोजायच्या ल्युसिफरेजच्या (एटीपी असला की प्रकाश देणारं काजव्याचं प्रथिन) नेहमीच्या चाचणीत पेशी फोडाव्या लागतात आणि हाती येतो हजारो पेशींचा एकत्रित आकडा. कोणती पेशी आधी खचली, कोणती तगली, हे त्यात कळत नाही. ते बघायचं तर पेशीकडूनच चमकणारं सेन्सर प्रथिन बनवून घ्यावं लागतं. इथे निवड बहुधा एटीम आणि पर्सिव्हल-एचआर या दोन सेन्सरांतून करायची असते.

एटीम २००९ साली जपानमध्ये तयार झालं. जिवाणूच्या एटीपी सिंथेज या एटीपी बनवणाऱ्या प्रथिनाचा एप्सिलॉन हा भाग मधे, एका टोकाला निळसर आणि दुसऱ्या टोकाला पिवळं प्रथिन. एटीपी बसला की मधला भाग आवळतो, निळसर प्रकाश घटतो, पिवळा वाढतो. पर्सिव्हल-एचआर २०१३ सालचं, हार्वर्डमधल्या गॅरी येलेन यांच्या प्रयोगशाळेतलं. त्यात एटीपी आणि एडीपी (एटीपी खर्ची पडला की उरणारा रेणू) एकाच जागेसाठी झगडतात, म्हणून ते दोघांचं गुणोत्तर दाखवतं.

माझा कौल गुणोत्तराला, कारण साधं गणित आहे. समजा एटीपी ३ मिलिमोलर आणि एडीपी ०.३, गुणोत्तर १०. त्यातला दहा टक्के एटीपी खर्ची पडून एडीपी झाला, की एटीपी २.७ आणि एडीपी ०.६, गुणोत्तर थेट ४.५. एटीमवर जेमतेम दिसणारी घट इथे ठळक दिसते. शिवाय पेशीतल्या पंपांना (क्षार आत-बाहेर ढकलणाऱ्या प्रथिनांना) मिळणारा जोर नुसत्या एटीपीवर नव्हे, याच गुणोत्तरावर अवलंबून असतो.

पण पर्सिव्हल-एचआर पीएचला, म्हणजे आम्लतेच्या मापाला, फार हळवं आहे, आणि चयापचय रोखणारी औषधं नेमका पीएचच हलवतात. त्यामुळे सोबत पीएच मोजणारा पीएचरेड हा लाल सेन्सर घालून दुरुस्ती करावीच लागते. तशी दुरुस्ती न केलेल्या आलेखावर मी विश्वास ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नका.

मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या एटीपी बनवणाऱ्या कप्प्यांच्या) आत मोजायचं असेल तर मात्र एटीमच घ्या. तिथला पीएच ८च्या आसपास असतो, आणि तिथला एटीपी पेशीद्रवापेक्षा कमी असल्याचं मूळ शोधनिबंधातच एटीमने दाखवलं होतं. मात्र तापमान ३७ अंशांवर राखा. गार खोलीत एटीम एटीपीला इतकं घट्ट धरतं की रीडिंग वरच्या टोकाला अडकतं. आणि एटीपी न धरणारा त्याचा बदललेला अवतार कंट्रोल म्हणून लावा.

मायक्रोस्कोपही तपासा. एटीमला एक उत्तेजन (सेन्सरवर पाडायचा प्रकाश) आणि दोन उत्सर्जन (सेन्सरकडून येणारा प्रकाश) फिल्टर लागतात. पर्सिव्हल-एचआरला आलटून पालटून दोन उत्तेजनं (साधारण ४२० आणि ५०० नॅनोमीटर), उत्सर्जन एकच. कॅल्शियमचा लाल सेन्सर जोडीला हवा असेल, तर दोन्हींसोबत तो चालू शकतो. पण पर्सिव्हल-एचआरबरोबर लाल जागा आधीच पीएचरेडने घेतलेली असते, तेव्हा पीएच शेजारच्या वेगळ्या डिशमध्ये मोजा.

एटीपी किती वेगाने बनतोय, हे दोघांनाही सांगता येत नाही. त्यासाठी प्राणवायू किती वापरला जातोय, तेही त्याच पेशींवर मोजा.