400 ई की 500 ई? आधी घरातली माणसं मोजा

मर्सिडीजची जुनी ई क्लास, म्हणजे डब्ल्यू 124 घ्यायची, तीही व्ही 8 (आठ सिलिंडरच्या इंजिनाची), इथवर तुमचं ठरलंय असं धरून चालतो. म्हातारी गाडी पाळायचा खर्चही तुम्ही मनाशी कबूल केला असेल. उरतं एवढंच, 400 ई की 500 ई? स्टुटगार्टमध्ये राहून मी याच घोळात चार महिने घालवले.

500 ई ची जन्मकथाच मोहात पाडते. शांत, घरंदाज ई क्लासमध्ये एसएल या स्पोर्ट्स गाडीचं 5 लिटरचं इंजिन बसवायचं काम मर्सिडीजने पोर्शला दिलं. मडगार्ड फुगवावे लागले आणि ती फुगलेली बॉडी मर्सिडीजच्या झिंडेलफिंगेन कारखान्यातल्या असेंब्ली लाइनवर मावेना. मग बॉडी जुळायची पोर्शकडे त्सुफेनहाउझेनला, रंगाला जायची झिंडेलफिंगेनला, इंजिनासाठी पुन्हा पोर्शकडे. एकेका गाडीला 18 दिवस. पुढे जागा उरली नाही म्हणून बॅटरी डिकीत गेली. 1990 ते 1995 मध्ये अशा 10,479 गाड्या निघाल्या. आणि एवढा उपद्व्याप करून बाहेरून दिसते काय, तर जरा दबून बसलेली टॅक्सी! मला तर हेच फार आवडतं.

400 ई ची अशी काही कथा नाही. इंजिन त्याच घराण्यातलं, 4.2 लिटरचं. मडगार्ड साधे. पार्किंगमध्ये कोणी वळून बघत नाही.

दोन्ही मी उल्मच्या बाजूला ए 8 महामार्गाच्या चढावर चालवून पाहिल्या. 500 ई ला पाय दिला की पाठ सीटला चिकटते, हे खरंच. 400 ई चढ चढते ती गप्पा न थांबवता. माझा पाय काही रेसरचा नाही, त्यामुळे माझं मत थोडं सांभाळून घ्या. पण रोजच्या वेगात मला फरक जाणवला तो आवाजात. गावातल्या दगडी फरसबंदीवर मात्र 400 ई जास्त मऊ वाटली.

तरीही मी 500 ई च घेतली असती. चौथ्या खेपेला बायको-मुलांना घेऊन गेलो. थोरला मागे डावीकडे बसला, धाकटी उजवीकडे, आणि मधे झाकणाचा कप्पा. मागे दोनच सीट! हे मला वाचून माहीत होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. मे महिन्यात आई पुण्याहून यायची होती. बायकोने कप्प्याचं झाकण उघडून पाहिलं, मिटलं आणि मला विचारलं, "आईंना काय डिकीत बॅटरीशेजारी बसवणार?"

दोष गाडीचा नाही, आमच्या पाच डोक्यांचा आहे. पण एकदा तो कप्पा डोळ्यांत सलायला लागला की व्ही 8 चा आवाजही ऐकू येईना.

400 ई घेतली. आई मागे मधोमध बसली, दोन्ही बाजूंना नातवंडं, मांडीवर चकलीचा डबा. म्हणाली, "ही तर आपल्याकडच्यासारखीच आहे." तिचंही बरोबर होतं, याच पिढीची ई क्लास 1995 पासून पिंपरीला टेल्कोच्या (आजची टाटा मोटर्स) आवारात जुळत होती.

तुम्ही चौघंच असाल आणि आजचे भाव झेपत असतील, तर 500 ई ला मी नाही म्हणणार नाही. बघायला जाताना फक्त सगळ्यांना घेऊन जा. मी आधी तीनदा एकटाच गेलो होतो.