पीपीटी पाठवू, पीडीएफ, व्हिडिओ की लिंक? समोरच्याकडे पॉवरपॉइंट नसेल तेव्हा

"अगं, तू पाठवलंस ते उघडतच नाहीये. नाव दिसतंय, पण त्यावर बोट ठेवलं की 'अ‍ॅप सापडत नाही' असं काहीतरी येतंय." बडोद्यातल्या कारेलीबागेतल्या मावशीचा फोन. तांबेकर वाड्यातल्या भित्तिचित्रांवर मी 42 स्लाइड केल्या होत्या आणि सगळ्यांच्या आधी तिला पाठवल्या, कारण तिचं लहानपण दांडिया बाजारात गेलं. तो वाडा तिला रोज जाता-येता दिसायचा, पण भाऊ तांबेकर दिवाणांच्या त्या घरातल्या भिंतींवर कृष्णलीलेपासून साहेबांपर्यंत काय काय रंगवलंय ते तिनं कधी जवळून पाहिलं नव्हतं. आता गुडघ्यांमुळे तिला जिने चढवत नाहीत. म्हणूनच तर स्लाइड केल्या होत्या.

त्याच फाइलचे पुढे मला वेगवेगळ्या लोकांसाठी वेगवेगळे अवतार करावे लागले: मावशीसाठी, एका शाळेसाठी, टोरांटोतल्या भाच्यासाठी आणि मंडळाच्या कार्यक्रमासाठी. त्यातून माझं जे मत बनलं ते आधीच सांगते. आपल्याकडे काय आहे हे बघून ठरवू नका. समोरचा ते कशावर बघणार आहे आणि बघून झाल्यावर त्याचं काय करणार आहे, एवढं विचारा आणि मग ठरवा.

मूळ पीपीटी तशीच पाठवण्यापासून सुरुवात करू, कारण बहुतेक जण तेच करतात. समोरच्याच्या फोनवर ती उघडेल का, हे नशिबावर असतं. आयफोनवर बहुधा दिसते, पण चित्रांसारखी स्थिर; हालचाल नाही. अँड्रॉइडवर गूगल स्लाइड्स किंवा तसलं एखादं अ‍ॅप असेल तर ठीक, नाहीतर मावशीसारखी गत. कुणीतरी सल्ला देतं, "पॉवरपॉइंट व्ह्यूअर टाकायला सांग, फुकट असतो." हा सल्ला आता जुना झाला. मायक्रोसॉफ्टनं तो व्ह्यूअर 30 एप्रिल 2018 ला बंद केला. आज त्या नावानं इकडच्या-तिकडच्या साइटवर जे मिळतं ते घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर टाकायला लावू नका. त्यात काय भरलेलं असेल, सांगता येत नाही. फाइल 'स्लाइड शो' प्रकारात सेव्ह करून पाठवण्याचाही एक रिवाज आहे. त्यानं फाइल थेट पूर्ण पडद्यावर चालू होते, पण त्यासाठी तिथे पॉवरपॉइंट लागतोच. अडचण होती तिथेच राहते.

मग पीपीटी पाठवायचीच नाही का? पाठवायची, पण ज्याला स्वतः उभं राहून ती दाखवायची आहे किंवा त्यात बदल करायचे आहेत, त्यालाच.

बाकीच्यांसाठी माझी पहिली पसंती पीडीएफ, आणि मराठी लिहिणाऱ्यासाठी तर मी तिच्याच बाजूनं जोर लावीन. कारण आहे फॉन्ट. आपल्या मंडळांच्या, शाळांच्या कॉम्प्युटरवर अजूनही श्रीलिपी नाहीतर शिवाजी फॉन्टमध्ये केलेल्या जुन्या फाइली पडून असतात. त्यांतली अक्षरं युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारखीच ओळखली जाणारी, नसतात. म्हणजे पडद्यावर 'श्री गणेशाय नमः' दिसत असलं तरी आत इंग्रजी कळांची चिन्हं साठवलेली असतात. तो फॉन्ट समोरच्याकडे नसला की त्याला नुसती इंग्रजी अक्षरांची आणि कंसांची खिचडी दिसते. एका शाळेत माझ्याच बाबतीत हे झालं. मंडळाच्या जुन्या फाइलमधून मी 6 स्लाइड उचलल्या होत्या. प्रोजेक्टर लागला, मुलं बसली, आणि त्या 6 स्लाइडवर एकही अक्षर मराठी नव्हतं. मला पाठ होतं म्हणून मी तोंडी सांगितलं, पण मुलं पडद्याकडे बघून गोंधळली होती, ते चेहरे अजून आठवतात.

पीडीएफमध्ये वापरलेल्या फॉन्टचा लागेल तेवढा भाग फाइलच्या आतच जातो, त्यामुळे जोडाक्षरं आणि रफार तुमच्याकडे दिसतात तसेच तिकडे दिसतात. युनिकोडमध्ये लिहिलेल्या मजकुरालाही हे लागू आहे. तिथे अक्षरांची खिचडी होत नाही, पण फॉन्ट बदलला की ओळी लांबतात आणि मथळा चौकटीबाहेर जातो. शिवाय मंगलसारखा फॉन्ट आला की 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे होतात. कुणाला ही बारीक गोष्ट वाटेल. पण बडोद्यातली आपली मुलं शाळेत गुजराती किंवा इंग्रजी शिकतात, मराठी अक्षर त्यांना घरात आणि असल्या पडद्यांवरच दिसतं. ते नीट दिसावं असं मला फार वाटतं.

एक मर्यादाही सांगते: पीडीएफमधला मराठी मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला तर बऱ्याचदा काना-मात्रा इकडच्या तिकडे होतात. ज्याला मजकूर वापरायचा आहे त्याला तो वेगळा पाठवा.

पीडीएफ करताना गमवावं काय लागतं? अ‍ॅनिमेशन, आवाज आणि व्हिडिओ. आणि इथे एक फसगत होते जी करून बघेपर्यंत लक्षात येत नाही. माझ्या एका स्लाइडवर आधी अख्खी भिंत दिसायची, क्लिक केलं की त्यावर एका कोपऱ्याचं मोठं केलेलं चित्र यायचं, पुढच्या क्लिकला दुसऱ्या कोपऱ्याचं. पीडीएफ केल्यावर तिन्ही चित्रं एकावर एक बसली. सगळ्यांत वरचं तेवढं दिसत होतं, भिंत पार झाकली गेली. त्यावर उपाय सोपा, पण हातानं करायचा. पीडीएफ करण्याआधी फाइलची वेगळी प्रत काढा आणि अशा स्लाइडच्या 3 प्रती करा. पहिलीत फक्त भिंत ठेवा, दुसरीत पहिला कोपरा, तिसरीत दुसरा. अशा सगळ्या स्लाइडच्या, चित्रं असतील तितक्या प्रती करता करता 42 च्या माझ्या 57 झाल्या, पण बघणारा एकेक पान सरकवतो तेव्हा त्याला तोच क्रम मिळतो. साइज कमी करण्याचा पर्याय निवडताना मात्र जपून, कारण चित्रांवरच सगळं अवलंबून असेल तर बारकावे पुसट होतात. नुसता मजकूर असेल तर खुशाल निवडा.

शाळेतल्या बाईंना मी पीडीएफच दिली, पण 'नोट्स पेजेस' हा पर्याय निवडून. प्रत्येक पानावर वर स्लाइड, खाली मी लिहिलेलं टिपण. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह दिला, प्रिंट निघाली, बाईंनी त्यावरून स्वतः तास घेतला. पीडीएफ सोडून दुसऱ्या कुठल्याही अवतारात हे इतकं सहज झालं नसतं.

आता मावशीचं. तिला फोनवर 57 पानं बोटानं सरकवायची नव्हती. तिला टीव्हीवर बघायचं होतं, चहा पीत, शेजारच्या काकूंना घेऊन. अशा माणसासाठी व्हिडिओच. पॉवरपॉइंटमध्ये 'एक्सपोर्ट'मध्ये जाऊन व्हिडिओ करता येतो, एमपी4 फाइल मिळते. अ‍ॅनिमेशन त्यात टिकतं, फॉन्टची चिंता उरत नाही, आणि आपल्या आवाजात बोललेलंही त्यात जातं. पण वेळेकडे लक्ष हवं. काहीच ठरवलं नाही तर तो प्रत्येक स्लाइडला 5 सेकंद देतो. 42 स्लाइड म्हणजे साडेतीन मिनिटं. मावशीच्या डोळ्यांना 5 सेकंदांत दोन ओळींची ओळख वाचून मग चित्र बघणं शक्यच नाही. मी 12 सेकंद ठेवले, 8 मिनिटं 24 सेकंदांचा व्हिडिओ झाला. नंतर स्वतःचा आवाज भरला तेव्हा तो आणखी लांबला, आणि लांबला ते बरंच झालं.

पाठवतानाची चूक बहुतेकांकडून होते म्हणून लिहिते. व्हॉट्सअ‍ॅपवर गॅलरीतून व्हिडिओ निवडला की तो दाबला जातो, आणि सगळ्यांत आधी बारीक अक्षरं बिघडतात. त्याऐवजी 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते, 2 जीबीपर्यंत. मेलवर पाठवत असाल तर जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे, व्हिडिओ त्यात सहसा मावत नाही. मी शेवटी पेन ड्राइव्हवर घालून मावसभावाच्या हाती दिला. घरातले साधे टीव्ही पेन ड्राइव्हवरचा एमपी4 बहुधा चालवतात. पीपीटी किंवा पीडीएफची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नका.

व्हिडिओचं वाईट हे की बघणाऱ्याला आपल्या चालीनं चालता येत नाही. छापता येत नाही, स्लाइडमधल्या लिंक चालत नाहीत, आणि एक वेलांटी चुकली असेल तर अख्खा व्हिडिओ पुन्हा करायचा. अभ्यासासाठी बघणाऱ्याला तो देऊ नका.

टीव्हीसाठी आणखी एक साधी वाट आहे: प्रत्येक स्लाइडचं जेपीजी चित्र. आवाज नको असेल तर हेही चालतं. फक्त पॉवरपॉइंट त्यांना 1, 2, 3 असे आकडे देतो आणि कित्येक टीव्ही नावाच्या अक्षरक्रमानं लावतात, म्हणजे 1 नंतर 10, मग 11, आणि 2 कुठेतरी मागे. एकअंकी आकड्यांआधी शून्य घालून नावं बदला. 01, 02 असं केलं की क्रम राहतो.

टोरांटोतल्या भाच्याला नेटवर ठेवलेल्या फाइलची लिंक दिली. त्याला काही बदल सुचवायचे होते, तिकडच्या मराठी मुलांना दाखवायचं होतं, आणि माझ्याकडूनही दुरुस्त्या चालूच होत्या. लिंकचं सुख हेच: 19 व्या स्लाइडवरचं नाव मी इथे दुपारी सुधारलं आणि त्यानं सकाळी उठून पाहिलं तेव्हा ते सुधारलेलंच होतं. बघणाऱ्याला ब्राउझर पुरतो.

गूगल स्लाइड्स घ्यावं की मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह? तुम्ही सगळं मुळातच गूगलमध्ये केलं असेल तर प्रश्नच नाही. पण फाइल पॉवरपॉइंटमध्ये केलेली असेल तर मी वनड्राइव्हच्या बाजूनं आहे. ब्राउझरमधला पॉवरपॉइंट मूळ मांडणी जास्त सांभाळतो. गूगल स्लाइड्समध्ये आणताना त्यांच्याकडे नसलेला फॉन्ट बदलला जातो, काही अ‍ॅनिमेशन गळतात, आणि 100 एमबीपेक्षा मोठी फाइल रूपांतरित होत नाही. फुकट जागा मात्र गूगलकडे जास्त, 15 जीबी, वनड्राइव्हवर 5 जीबी. दोन्हीकडे चालेल असं काही करायचं असेल तर सुरुवातीपासून मुक्ता, बालू किंवा नोटो असा मोफत देवनागरी फॉन्ट घ्या. तो गूगलमध्येही मिळतो आणि आपल्या कॉम्प्युटरवरही बसवता येतो.

लिंक देताना परवानगी उघडी केली का ते आधी बघा. नाहीतर रात्री 11 वाजता 'अ‍ॅक्सेस मागितला आहे' असे मेल येत राहतात आणि तिकडे माणूस बंद दारासमोर उभा असतो. गूगलच्या लिंकमध्ये शेवटी इंग्रजीत 'एडिट' असतं. तिथपासून पुढचं पुसून 'प्रिव्ह्यू' लिहिलं तर समोरच्याला नुसत्या स्लाइड दिसतात, बाजूची बटणं नाहीत. थोरामोठ्यांसाठी हे फार बरं पडतं. मात्र जिथे नेट डळमळीत आहे अशा सभागृहात लिंकवर विसंबून उभं राहू नका.

लिबरऑफिसबद्दल थोडक्यात. 2010 पासून असलेलं हे मोफत सॉफ्टवेअर पीपीटी उघडतं, बदलतं, दाखवतं. एखादी शाळा किंवा मंडळ वर्षभर स्लाइड वापरणार असेल तर त्यांच्या कॉम्प्युटरवर एकदा बसवून द्या, दर वेळी पीडीएफ करत बसावं लागणार नाही. चौकटी थोड्या सरकतात, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याच यंत्रावर एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरवा. एकदाच बघणाऱ्याला मात्र हे बसवायला सांगणं बरोबर नाही.

आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या काळात ग्रंथालय खात्यातर्फे लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेडोपाडी पाठवत. चित्रं दाखवून शिकवायची वेगळी शाखासुद्धा त्या खात्यात होती. पेटी उघडली की वाचायला सुरुवात, इतकं ते सोपं होतं. फाइल पाठवताना मी आता त्या पेटीची आठवण ठेवते. फॉन्ट, आवाज, चित्रं, जे लागणार आहे ते आतच हवं.

मंडळाच्या कार्यक्रमाला म्हणून मी पेन ड्राइव्हवर 3 गोष्टी नेल्या: फॉन्ट आत घालून सेव्ह केलेली मूळ पीपीटी, तिची पीडीएफ, आणि व्हिडिओ. फॉन्ट आत घालण्याची सोय पॉवरपॉइंटच्या 'सेव्ह'च्या पर्यायांत सापडते. फाइल थोडी जड होते आणि समोर पॉवरपॉइंटच असेल तेव्हाच तिचा भरवसा, पण असेल तर अक्षर बिघडत नाही. तिथल्या लॅपटॉपवर पॉवरपॉइंट नव्हता. पीडीएफ पूर्ण पडद्यावर लावली, बाणाच्या कळीनं पुढे सरकवत गेले, आणि भिंतीनंतर कोपरा, कोपऱ्यानंतर दुसरा कोपरा, असं 57 पानांत सगळं व्यवस्थित दाखवता आलं.

मावशीनं तोवर व्हिडिओ दोनदा पाहिला होता. तिनं एका ठिकाणी थांबवून मला फोनवर विचारलं, ह्या बाईच्या नाकातली नथ आपल्या आजीच्या नथीसारखी आहे का, तिथलं मोठं चित्र मिळेल का. तेवढी एक स्लाइड मी जेपीजी करून, डॉक्युमेंट म्हणून, तिला पाठवली.