लायसन्स वाचवायला गेलो आणि लायसन्सच देऊन बसलो

परवा आमच्या स्टँडवरच्या एका ईकोवाल्याने मला विचारलं, “दादा, आरटीओत लायसन्स सस्पेंड व्हायची लिस्ट लागलीय म्हणतात, तुम्हाला कुणी माहितीतलं आहे का?” लिस्ट हा शब्द ऐकला आणि मी हातातला चहा खाली ठेवला. दोन वर्षांपूर्वी याच शब्दावर माझे आठ हजारांवर पैसे गेले आणि मूळ लायसन्स गेलं ते आजपर्यंत परत आलेलं नाही. त्याला सगळं सांगितलं. मग वाटलं, एकालाच सांगून काय उपयोग? म्हणून लिहितोय.

मी भांडुपला राहतो. गाडी चालवतोय बावीस वर्षं, आणि आता स्वतःचा छोटा हत्ती टेम्पो आहे, एमएच 03 पासिंगचा. मस्जिद बंदर, काळबादेवी, कुर्ला इथून माल भरायचा आणि मुलुंड-ठाण्याच्या दुकानांत उतरवायचा. ज्यांनी काळबादेवीच्या गल्लीत माल उतरवलाय त्यांना वेगळं सांगायला नको. गाडी लावायला जागा नाही, दुकानदार म्हणतो पाच मिनिटांत खाली करतो, त्याचा हमाल येतो वीस मिनिटांनी, तेवढ्यात फोटो निघालेला असतो. पूर्वी पावती हातात मिळायची, तिथेच पैसे देऊन मोकळं व्हायचो. आता मोबाइलवर मेसेज येतो. तो मी वाचायचो आणि ‘बघू नंतर’ म्हणून सोडून द्यायचो. 2021 च्या डिसेंबरपासून महाराष्ट्रात दंड वाढले. नो पार्किंगचे 200 होते त्याचे 500 झाले, आणि तोच गुन्हा पुन्हा केला तर 1,500. मला हे माहीत होतं. पण एकूण आकडा किती झालाय हे उघडून बघायची छाती होत नव्हती. माझी खरी चूक इथेच झाली. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

2024 च्या ऑगस्टमध्ये गाडीच्या फिटनेसच्या कामासाठी एका आरटीओत गेलो होतो. बाहेर झेरॉक्सच्या दुकानाला लागून चहाची टपरी आहे. तिथे एक माणूस येऊन शेजारी उभा राहिला. चाळिशीचा, इन केलेला पांढरा शर्ट, काखेत प्लास्टिकची फाइल. त्याने माझ्याकडे काहीच मागितलं नाही. माझ्या हातातल्या आरसी बुककडे बघून एवढंच म्हणाला, “काका, चलान बाकी आहेत ना? नाही, सहज विचारलं. सध्या लिस्ट काढताहेत.”

मी आरसी त्याच्या हातात दिली. त्याने आपल्या मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि माझी सगळी चलानं माझ्यासमोर धरली. एकूण पंधरा, 10,600 रुपये. कुठल्या तारखेला, कुठल्या चौकात, सगळं बरोबर. मला वाटलं, याचा आत हात आहे.

आता कळतं की त्यात काहीच विशेष नव्हतं. महाराष्ट्राच्या ई-चलानच्या सरकारी साइटवर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की कुणालाही कुठल्याही गाडीची चलानं दिसतात. हे दोन्ही आरसीवर छापलेलंच असतं. मीच त्याला चावी दिली आणि त्याने माझंच कपाट उघडून मला दाखवलं.

मग त्याने हिशेब मांडला. लोक अदालतीत अर्ध्यात मिटवतो, म्हणजे 5,300. आणि पाचपेक्षा जास्त चलानं असल्यामुळे लायसन्स सस्पेंशनच्या लिस्टमध्ये नाव गेलंय, ते शुक्रवारच्या आत काढायचं तर साहेबांचे वेगळे 3,000. “काका, दंडाचं काय, आज ना उद्या भराल. पण लायसन्स सहा महिने अडकलं तर गाडीचा हप्ता कोण भरणार?”

हप्ता 9,800 होता. मुलगी बारावीला होती, तिच्या क्लासची फी होती. तो हे बोलला आणि माझ्या पोटात गोळा आला. खरं-खोटं तपासायचं डोक्यातच आलं नाही. 5,300 यूपीआयने पाठवले. नाव दुसऱ्याच कुणा बाईचं आलं. विचारलं तर म्हणाला, “ऑफिसचं खातं आहे.” 3,000 रोख दिले. आणि मग त्याने लायसन्स मागितलं. “लिस्टमधून नाव काढायला ओरिजिनल जमा करावं लागतं. आठ दिवसांत परत. तोवर ही पोचपावती चालते, पोलिसांना दाखवायची.”

ती पावती अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. फिक्या पिवळ्या कागदावर वर ठळक अक्षरांत ‘तात्पुरती पोचपावती, कलम 206’, खाली माझं नाव, लायसन्स नंबर, गोल जांभळा शिक्का आणि त्यावर एक वळणदार सही. कलमाचा आकडा बघूनच मी गप्प बसलो.

त्या रात्री त्याने एक गोष्ट अशी केली की माझी उरलीसुरली शंकाही गेली. मेसेज आला: 200 रुपयांचं एक चलान भरलं गेलं. मुलीकडून साइटवर बघून घेतलं, खरंच ते गेलं होतं. त्याचा फोन आला, “बघा काका, सुरुवात झाली. बाकीची लोक अदालत झाली की पंधरा दिवसांत सिस्टीममधून निघतील.” चलान कुणीही कुणाचंही भरू शकतो. माझ्याच 8,300 मधले 200 त्याने सरकारला भरले आणि पंधरा दिवस विकत घेतले. त्या पंधरा दिवसांत ना मी त्याला शोधला, ना बँकेला फोन केला.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी मुलुंड चेकनाक्याजवळ गाडी बाजूला घ्यायला सांगितली. हवालदारांनी मशीनमध्ये नंबर टाकला. “चौदा बाकी आहेत. लायसन्स?” मी मोठ्या भरवशाने ती पिवळी पावती काढून दिली. त्यांनी ती उजेडात धरली आणि शिक्क्यावर बोट ठेवलं. ‘परिवहन’मधली ‘रि’ दीर्घ होती. “कुणी दिली ही तुम्हाला?” मी सांगितलं. ते काही क्षण बोललेच नाहीत. मग म्हणाले, “काका, हा कागद बनावट आहे. दुसऱ्या कुणाला दाखवला असता तर तुम्हीच अडकला असता.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. 1 जुलै 2024 पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झालीय तिच्यात कलम 318 फसवणुकीचं आहे, 336 बनावट कागद करण्याचं, आणि 340 बनावट आहे हे माहीत असून तो खरा म्हणून वापरण्याचं. मला माहीत नव्हतं, हे मला पटवून द्यावं लागलं असतं. एकोणीस दिवस मी तो कागद खिशात घेऊन मुंबईभर फिरत होतो, हे आठवलं की आजही घाम फुटतो.

हवालदारांनी गाडी बाजूलाच ठेवायला लावली आणि माझ्या मोबाइलवर डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रांचं सरकारी अॅप, उघडायला सांगितलं. माझ्याकडे ते नव्हतंच. मुलीला फोन केला, तिने ओटीपी विचारत विचारत घरून ते चालू करून दिलं आणि दहा मिनिटांत माझं लायसन्स स्क्रीनवर आलं. चालू, कुठलंही सस्पेंशन नाही. लिस्टबिस्ट काहीच नव्हतं. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधलं लायसन्स मूळ लायसन्ससारखंच चालतं, 2018 सालीच नियमात तशी दुरुस्ती झालीय. म्हणजे खिशातलं प्लास्टिकचं कार्ड कुणाच्या हातात द्यायची वेळ माझ्यावर यायलाच नको होती.

त्यांनी आणखी एक गोष्ट समजावून सांगितली, ती सगळ्या चालकांनी ध्यानात ठेवावी. मोटार वाहन कायद्यात कलम 206 खरंच आहे. काही गुन्ह्यांत पोलीस लायसन्स ताब्यात घेऊ शकतात. पण जो अधिकारी लायसन्स घेतो तोच तिथल्या तिथे पोचपावती देतो, आणि त्या पावतीवर गाडी चालवता येते की नाही हे गुन्ह्यावर ठरतं; दारू पिऊन किंवा बेदरकार चालवल्याबद्दल लायसन्स घेतलं असेल तर ते परत मिळेपर्यंत चालवता येत नाही. टपरीवरच्या माणसाला तो अधिकार नाही. आणि सस्पेंड करायचं तर कलम 19 प्रमाणे आरटीओला आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. नोटीस येते, तारीख मिळते. गुपचूप शुक्रवारी लिस्ट लागून लायसन्स जात नाही. दारू पिऊन चालवणं, बेदरकार चालवणं, वर्षभरात पुन्हा पुन्हा नियम मोडणं असल्या गोष्टींत लायसन्सला खरा धोका असतो. तिथे आपली बाजू घेऊन स्वतः जावं, वाटल्यास वकील करावा. फाइलवाला माणूस तिथे काही करू शकत नाही.

त्या संध्याकाळी बायको एवढंच म्हणाली, “अहो, मला एकदा विचारायचं तरी.” तिला सांगायची लाज वाटली म्हणून मी तिच्याशी बोललो नव्हतो. आकडा लपवला होता. घरात बोललो असतो तर मुलीने त्याच रात्री साइट उघडून दाखवली असती, आणि 200 रुपयांचा खेळही तिच्या लक्षात आला असता.

मी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला. तिथे रक्कम, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, तारीख सगळं विचारलं, तक्रार नोंदवली. पण एकोणीस दिवस झाले होते, पैसे पुढच्या खात्यांत निघून गेले होते. पैसे गेल्याचं कळल्यावर लगेच, त्याच तासात फोन केला तर समोरचं खातं गोठवण्याची आशा असते. मी ती वेळ घालवली होती. मग पोलीस स्टेशनला लेखी तक्रार दिली, पिवळी पावती जमा केली, तिची झेरॉक्स आणि शिक्का मारलेली पोच घेतली.

डुप्लिकेट लायसन्ससाठी सारथी या लायसन्सच्या सरकारी साइटवर अर्ज करायचा होता. ओळखीतल्या एकाने सांगितलं, “हरवलं म्हणून लिही, भानगड नको.” मी नाही लिहिलं. एकदा खोटा कागद घेऊन फिरलो होतो, आता स्वतःच्या हाताने दुसरा खोटा कागद करायचा नव्हता. आणि उद्या ते कार्ड कुठे वापरलं गेलं असतं तर ‘हरवलं होतं’ या माझ्याच सहीने मी तोंडघशी पडलो असतो. जे घडलं ते अर्जाबरोबर तक्रारीची प्रत जोडून सांगितलं. एक खेप जास्त पडली, पण काम झालं. कार्ड पोस्टाने घरी आलं.

त्यानंतर पहिल्यांदा मी माझी चलानं एकेक करून उघडली. प्रत्येकाला फोटो असतो हेही मला धड माहीत नव्हतं. आणि 1,500 च्या एका चलानात गाडीच दुसरी! निळा टेम्पो, नंबरातला 3 मशीनने 8 वाचलेला. माझा पांढरा आहे. त्याची तक्रार त्याच साइटवर टाकली, गाडीचा फोटो आणि आरसी जोडली. काही आठवडे गेले, पण ते रद्द झालं. बाकीचे 8,900 मी तीन टप्प्यांत भरले, स्वतःच्या मोबाइलवरून. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे की नाही हे मुलीने मला दोनदा वाचायला लावलं. म्हणजे त्याला 8,300 आणि सरकारला 8,900, मिळून 17,200. तो भेटलाच नसता आणि मी पहिल्याच दिवशी फोटो बघितले असते तर 9,100 मध्ये विषय संपला असता.

लोक अदालतीबद्दलही सांगतो, कारण या लोकांचं सगळं दुकान त्या नावावर चालतं. राष्ट्रीय लोक अदालत वर्षातून काही ठरलेल्या तारखांना भरते, चलानांची प्रकरणंही तिथे घेतात. तिथे कोर्ट फी नाही, एजंट लागत नाही, वकीलही लागेलच असं नाही. तडजोड दोन्ही बाजूंच्या संमतीने होते आणि झालेल्या निवाड्यावर अपील नसतं. म्हणून तर स्वतः जायचं. तुमच्या नावाने काय कबूल केलं जातंय हे तुम्ही कानांनी ऐकायला नको का? ‘तुम्ही येऊ नका, मी मिटवतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठून चालू लागा.

आणखी एक. या प्रकारानंतर महिनाभराने माझ्या व्हॉट्सअॅपवर ‘आरटीओ चलान’ नावाची फाइल आली, शेवटी एपीके लिहिलेलं. पोलिसांचा लोगो, माझ्या गाडीचा नंबर, सगळं होतं. नंबर कुठून गेला असेल हे मला सांगायला नको. तसली फाइल उघडून इन्स्टॉल केली की मोबाइलमधले मेसेज, ओटीपी सगळं समोरच्याच्या हातात जातं. सरकार चलान अशा फाइलमधून पाठवत नाही. मी ती न उघडता नंबर ब्लॉक केला आणि स्टँडवर सगळ्यांना दाखवली. दोघांना तशीच आली होती, एक जण उघडण्याच्या बेतात होता.

तो पांढऱ्या शर्टवाला परत दिसला नाही. नंबर बंद आहे. टपरीवाला म्हणतो, असे बरेच येतात-जातात. माझं जुनं कार्ड अजून कुणाकडे तरी आहे, त्यावर माझा फोटो आहे, भांडुपचा पत्ता आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मुलगी संचार साथीच्या साइटवर बघते की माझ्या नावावर नवीन सिमकार्ड निघालंय का. अजून नाही निघालं. तक्रारीची पोच मी गाडीच्या कप्प्यात पीयूसीच्या मागे ठेवलीय, आणि ईकोवाल्याला तिची एक झेरॉक्स दिलीय.