स्विच झकास आहे, घोळ वायरींचा होता

८ पोर्टचा नेटवर्क स्विच (वायरीने कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचा डबा), गिगाबिट म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट, अनमॅनेज्ड म्हणजे सेटिंगची भानगड नाही, पत्र्याची बॉडी, आत फॅन नाही त्यामुळे आवाज शून्य. सव्वा वर्ष झालं वापरून. घेतला तेव्हा रागारागात दोन स्टार देऊन मोकळा झालेलो, ते आज पाच करतोय कारण त्या बिचाऱ्याची चूक नव्हतीच.

आमचं पुण्यात छोटं ऑफिस, अकाउंट्स आणि जीएसटीचं काम, चार कॉम्प्युटर, त्यातल्याच एकावर टॅलीचा डेटा, एक प्रिंटर आणि नेटवाल्याचा राउटर. आधी वायफायवर चालायचं पण दोघांनी एकदम टॅली उघडलं की गोल गोल फिरत बसायचं. म्हटलं वायर ओढून घेऊ. स्विच ऑनलाइन मागवला आणि केबलिंगला ओळखीतून एक पोरगा बोलावला, तो केबलचा बॉक्स घेऊनच आला, तीन तासात काम उरकून पैसे घेऊन गेला पण.

दुसऱ्या दिवशी डेटा फोल्डरचा बॅकअप कॉपी करायला टाकला तर स्पीड सेकंदाला ११ एमबीच्या (मेगाबाइट, एक बाइट म्हणजे आठ बिट) वर जाईना. गिगाबिटवर हाच आकडा ११० च्या आसपास यायला पाहिजे. विंडोजमध्ये नेटवर्कच्या स्टेटसमध्ये बघितलं तर १०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), म्हणजे गिगाबिटचा दहावा भाग. चारपैकी तीन मशीनचं हेच. आणि स्विचवर पण त्याच तीन पोर्टचे दिवे केशरी, एकच हिरवा. मी काय केलं, तर दोन स्टार ठोकले आणि लिहिलं ‘नावाला गिगाबिट’. इथे खालचे रिव्ह्यू वाचतोय तर निम्मी लोकं तेच लिहितायत, म्हणून हा एवढा प्रपंच.

पोराला परत बोलावलं. तो म्हणाला, ‘सर टेस्टर लावून दाखवतो, केबल ओके आहे.’ लावला, १ ते ८ दिवे ओळीने लागले, मी पण गप्प. शेवटी भाच्याला बोलावलं, तो हेच काम करतो. त्याने कनेक्टर (वायरीच्या टोकाचा प्लग) उजेडात धरला आणि हसायलाच लागला. म्हणे, ‘मामा, हे बघा, जोड्या शेजारी शेजारी लावल्यात. केशरीची जोडी, मग हिरवी, मग निळी, मग तपकिरी. दिसायला छान, पण असं चालत नाही.’

चालत नाही का, तर केबलमध्ये आठ वायरी, दोन-दोनला पीळ घालून चार जोड्या, आणि कनेक्टरमध्ये १-२ ही एक जोडी, ३-६ दुसरी, ४-५ तिसरी आणि ७-८ चौथी. म्हणजे ३ आणि ६ या एकमेकींना पीळ घातलेल्या वायरीच पाहिजेत, तो पीळच बाहेरचा आणि शेजारच्या जोडीचा त्रास मारतो. पोराने ३ एका जोडीतली घेतली आणि ६ दुसरीतली. साधा टेस्टर फक्त या टोकाची वायर त्या टोकाला पोचली का एवढंच सांगतो, जोडी फुटलीये का नाही ते त्याला कळतच नाही. बरोबर क्रम, कुणाला लिहून घ्यायचा असेल तर: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. याला ५६८बी म्हणतात. ५६८ए मध्ये केशरी-हिरव्याची अदलाबदल असते, तोही चालतो पण दोन्ही टोकांना एकच ठेवा. आणि कनेक्टरपाशी पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडायचा नाही, आमच्याकडे चांगला दीड इंच सोडलेला.

एवढं बदलून दोन लाईन हिरव्या झाल्या. तिसरी तरी अडूनच. मग भाच्याने वायरचं टोक ब्लेडने खरवडलं तर वरचा तांबूस रंग गेला आणि आतून चंदेरी. अ‍ॅल्युमिनियम, वर तांब्याचा नुसता मुलामा. बॉक्सवर मात्र ठळक कॅट ६ (केबलचा दर्जा) छापलेलं. ही वायर दोनदा वाकवली की आतून तुटते, आणि १०० च्या स्पीडला दोनच जोड्या लागतात (१-२ आणि ३-६), गिगाबिटला चारही, त्यामुळे ४, ५, ७, ८ मधली एक जरी तुटली तरी नेट चालू राहतं, कुणाला शंकाही येत नाही, फक्त स्पीड १०० वर येऊन बसतो. ही लाईन दाराच्या चौकटीपाशी काटकोनात दाबून नेलेली, गेली तिथेच. कॅट ६ ला साधारण इंचभर त्रिज्येचं वळण तरी द्यावं लागतं. केबल घेताना शुद्ध तांबं आहे का विचारा आणि ब्लेड खिशात ठेवा, बाकी छापलेल्यावर विश्वास ठेवू नका. हीच वायर पीओई (नेटवर्कच्या वायरीतूनच वीज घेणाऱ्या) कॅमेऱ्याला लावली तर गरम होते आणि टोकापर्यंत व्होल्टेज पण पुरत नाही. (या स्विचमध्ये पीओई नाहीये, कॅमेरेवाल्यांनी दुसरा घ्या.)

आणि हो, सगळ्या नेटवर्कच्या वायरी विजेच्या वायरीसोबत एकाच पट्टीतून नेलेल्या! करंटची वायर वेगळ्या पट्टीतून, आणि कुठे ओलांडायचीच असेल तर आडवी, काटकोनात. आम्ही सगळंच परत ओढलं, खर्च डबल.

लांबीचं टेन्शन छोट्या ऑफिसला नसतं. नियम १०० मीटरचा, त्यात भिंतीतली ९० आणि दोन्हीकडच्या पॅचकॉर्ड (तयार छोट्या वायरी) मिळून १०. मात्र समोरच्या बिल्डिंगमधल्या गोडाऊनपर्यंत गच्चीवरून तांब्याची वायर टाकायची माझी आयडिया भाच्याने तिथेच मारली. जूनमध्ये एक वीज कडाडली की दोन्हीकडचे स्विच जातील म्हणाला, दोन बिल्डिंगमध्ये फायबरच टाकायचं. ते अजून टाकलेलं नाही, कोटेशन बघून बसलोय.

आता स्विचबद्दल एकच खरी तक्रार. लॅपटॉपसाठी एक पॅचकॉर्ड मोकळी ठेवलेली, एक टोक स्विचमध्ये, दुसरं टेबलावर लोंबतंय. झाडताना मावशींना ते मध्ये मध्ये आलं आणि त्यांनी ते व्यवस्थित उचलून स्विचच्या रिकाम्या पोर्टात खोचलं. तारीख २०, म्हणजे जीएसटीचा ३बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस! सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतायत आणि नेट बंद, टॅली बंद, प्रिंटर बंद. राउटर तीनदा बंद-चालू केला, नेटवाल्याला फोनवर बोल बोल बोललो, त्याची लाईन बिचारी ठणठणीत. दीड तासाने माझं लक्ष गेलं. एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये, म्हणजे लूप. एकच पॅकेट (डेटाचा तुकडा) त्या लूपमध्ये गोल गोल फिरत वाढत राहतं आणि सगळ्यांचा रस्ता अडवतं. महागड्या मॅनेज्ड स्विचमध्ये हे ओळखून पोर्ट बंद करायची सोय असते, यात नाही, आणि या किमतीत मी मागतही नाही. रिकाम्या पोर्टांना रबरी टोपणं लावली आणि प्रत्येक वायरीला दोन्हीकडे चिठ्ठी. मावशींना काही बोललो नाही, लोंबती ठेवणारा मीच.

बाकी जोडणी अगदी सोपी. राउटरच्या लॅन पोर्टातून एक वायर याच्या कुठल्याही पोर्टात, अपलिंकचा (राउटरकडे जाणारा) वेगळा पोर्ट नाही, क्रॉस केबल (एका टोकाला वायरी अदलाबदल केलेली) लागत नाही, तो आपोआप ओळखतो. घरातला जुना राउटर एक्स्ट्रा वायफाय म्हणून याला जोडणार असाल तर त्याचं डीएचसीपी (मशीनना आयपी म्हणजे नेटवर्कचा पत्ता वाटणारी सोय) बंद करा, नाहीतर दोघं आयपी वाटत बसतात आणि निम्मे मशीन नेटबाहेर.

भिंतीवर टांगायला मागे दोन भोकं आहेत पण डब्यात स्क्रू येत नाहीत, ते आधीच आणून ठेवा.