प्रिन्सच्या ‘पर्पल रेन’ची नवी तबकडी

अमेरिकी गायक-संगीतकार प्रिन्स याचा ‘पर्पल रेन’ हा अल्बम मूळ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. मी मागवलेली तबकडी २०१७ च्या आवृत्तीची असून, तिच्यासाठीचे ध्वनिसंस्करण २०१५ मध्ये प्रिन्सच्याच देखरेखीखाली, त्याच्या पेझ्ली पार्क स्टुडिओत झाले होते. मला ही बाब सर्वांत मोलाची वाटते. १९९३ मध्ये त्याने आपले नाव टाकून उच्चारता न येणारे एक चिन्ह स्वीकारले आणि पुढे गालावर ‘गुलाम’ असा शब्द लिहून तो लोकांसमोर येऊ लागला, तेव्हा अनेकांनी ते लहरी कलावंताचे चाळे मानले. पण त्याचे भांडण वॉर्नर ब्रदर्स या त्याच्या ध्वनिमुद्रण कंपनीशी होते, आणि ते स्वतःच्या ध्वनिमुद्रणांच्या मालकीसाठी होते. २०१४ मध्ये ती मालकी त्याला मिळाली. २०१६ च्या एप्रिलमध्ये तो गेला, त्यामुळे ही आवृत्ती त्याच्या पश्चात आली.

दुसरी बाजू आधी ऐकावी. ‘व्हेन डव्ह्ज क्राय’मध्ये बेस गिटार नाही, ती वाजवून झाल्यावर त्याने काढून टाकली. खर्जाचा आधारच नाहीसा झाल्यामुळे ड्रम मशीनचा ठेका आणि प्रिन्सचा आवाज यांच्यामध्ये मोकळी जागा उरते, आणि या तबकडीवर ती जागा स्पष्ट ऐकू येते. आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांना लागून होते. न थकणाऱ्या ठेक्यात माणसाचा आवाज किती एकटा पडतो, हे मी लहानपणापासून ऐकले आहे, म्हणूनही हे गाणे मला इतके भिडत असावे. या बाजूची शेवटची तीन गाणी ३ ऑगस्ट १९८३ रोजी मिनिआपोलिसच्या फर्स्ट ॲव्हेन्यू या क्लबातील कार्यक्रमात मुद्रित झाली. शीर्षकगीताचे एक कडवे नंतर कापले गेले, तरीही ते साडेआठ मिनिटांहून मोठे आहे आणि त्यातील एक क्षणही जास्तीचा वाटत नाही.

पहिल्या बाजूवरील ‘कॉम्प्यूटर ब्लू’ मात्र अर्धवट वाटते; दुसऱ्या गाण्याला जागा देण्यासाठी ते छाटले गेले होते. ‘डार्लिंग निक्की’चे शब्द उघडपणे लैंगिक आहेत, त्यामुळे घरात लहान मुले असल्यास ते त्यांच्यासमोर लावू नये.

आवरणाचा एक कोपरा वाहतुकीत दुमडला होता, तबकडीला मात्र ओरखडा नव्हता. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत ठेवलेली माझी एक जुनी तबकडी वाकली होती. ही मी आतल्या खोलीत, भिंतीच्या कपाटात उभी ठेवली आहे.